कनातीला दहाची घंटा, मोबाइलला रान मोकळं

गावच्या यात्रेत तमाशाचा फड आणायचा तर किती कागद लागतात, हे यात्रा कमिटीत एकदा तरी बसलेल्या माणसाला विचारा. ग्रामपंचायतीचं ना हरकत, पोलिस ठाण्यात अर्ज, ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी, महावितरणची तात्पुरती वीजजोडणी, आणि भांडण झालं तर जबाबदार कोण यावर कमिटीच्या अध्यक्षाची सही. हे सगळं जमवून सुपारी द्यायची. फड येतो, कनात ताणली जाते, गण-गवळण होते, बतावणीला हशा पिकायला लागतो आणि तेवढ्यात साहेब मनगटावरचं घड्याळ दाखवतात. दहा वाजले. वग, म्हणजे तमाशातलं मुख्य नाट्य, राहिला तो राहिला.

त्याच कनातीत पुढच्या रांगेत बसलेल्या पोराच्या खिशात मोबाइल असतो. त्या मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायला कुणाची हरकत नव्हती. दहाचं बंधन नव्हतं, बंदोबस्त नव्हता, अध्यक्षाची सही नव्हती. कित्येक वर्षं हे असंच चाललं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने दोन दिवसांत कायदा करून ते बंद केलं. तोवर मराठवाड्यातल्या किती घरांतलं सोयाबीनचं बिल त्या वाटेने गेलं, याची नोंद कुठल्याही तहसिलात नाही.

माझं म्हणणं या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत आहे. करमणुकीच्या धंद्याकडे पाहताना आपलं सरकार आधी विचारतं, हे सभ्य दिसतं का? मग विचारतं, यातून महसूल किती? आणि यात कुणाचं काय जातं, हा प्रश्न शेवटी येतो, तोही बहुतेक वेळा माणसं मेल्यावर नाहीतर न्यायालयाने कान पिळल्यावर. लोकहिताचं नियमन करायचं असेल तर हा क्रम उलटा पाहिजे.

परवानगी या प्रकाराशी मराठवाड्याचं नातं तसं जुनंच. निजामाच्या काळात गश्ती निशान ५३ नावाचं फर्मान होतं. सभा घ्यायची तर आधी हुकमाची वाट पाहायची. गणेशोत्सवातल्या मेळ्यांपासून वाचनालयांपर्यंत चार माणसं जिथे जमतील तिथे सरकारची नजर. त्या फर्मानामागे लोकांची काळजी नव्हती, लोकांची भीती होती. हैदराबाद मुक्त झालं, मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आला. पण इकडच्या कायद्यातही जमाव म्हणजे संशय हे सूत्र होतंच. १९५१ च्या पोलिस कायद्याने करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचं काम पोलिसांकडे दिलं. १९६० साली मुंबईसाठी जे नियम झाले त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे यांचा वेगळा उल्लेख आहे. बाकीचे खेळ म्हणजे सार्वजनिक करमणूक, आणि मेळे-तमाशे मुद्दाम नाव घेऊन सांगण्यासारखे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांच्या काळात तमाशावर अश्लीलतेच्या नावाखाली बंदीही येऊन गेली होती. म्हणजे आजच्या ठाणेदाराला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात जो कागद आहे तो लिहिला गेला तेव्हाच तमाशा संशयित होता.

दहाच्या घंटेचंच घ्या. २००० साली केंद्राने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते आणखी पक्कं केलं. हा नियम वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. ज्याच्या घरात तान्हं लेकरू आहे, आजारी म्हातारी आहे, दहावीची पोरगी आहे, त्याला झोपेचा हक्क आहे. लग्नाच्या वरातीतल्या डीजेने खिडकीची तावदानं थरथरताना ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पण त्याच नियमात बंदिस्त सभागृहाला सूट आहे. प्रेक्षागृह, सभागृह, मेजवानीचे हॉल यांच्या आत रात्रीही आवाज चालतो. शहरातल्या नाट्यगृहात साडेनऊचा प्रयोग बिनधास्त लागतो. तमाशाची कनात मात्र कापडाची. ती बंदिस्त जागा ठरत नाही. भिंतीवाल्याला रात्र मिळाली, कापडवाल्याला नाही.

आणखी एक सवलत आहे. वर्षातून पंधरा दिवस, सणासुदीला, राज्य सरकार ही वेळ रात्री बारापर्यंत वाढवू शकतं. ते दिवस आधी जाहीर होतात आणि गणपती, नवरात्र, जयंत्या, वर्षअखेर यांत संपून जातात. हे सगळे दिवस जिल्ह्याचे. गावच्या यात्रेचा दिवस मात्र गावाचा असतो. एकाची चैत्री पौर्णिमेला, दुसऱ्याची चंपाषष्ठीला, तिसऱ्याची पीरसाहेबाच्या संदलला. शेजारशेजारच्या दोन गावांच्या तारखा जुळत नाहीत. जिल्ह्याच्या यादीत त्या बसणारच नाहीत. वर्षातून एकदा, गावाने गावासाठी जागवलेली रात्र कुणाची झोप मोडते? त्याच गावाची. मग ती मोडायची की नाही हे त्याच गावाच्या ग्रामसभेने ठरवावं, महिलांनी हात वर करून ठरवावं, यात गैर काय आहे? ग्रामसभेने ठराव केला तर त्या गावापुरती वर्षातली एक रात्र बारापर्यंत, एवढी तरतूद नियमात घालायला काही संशोधन लागत नाही. पण ती मागणी कोण करणार? फडाच्या मालकांकडे वकील लावायला पैसे नाहीत. करोनाची दोन वर्षं हंगाम बुडाल्यापासून ट्रकचे हप्ते आणि कलावंतांची उचल यातून ते डोकं वर काढू शकलेले नाहीत.

सभ्यतेची मोजपट्टी किती बेभरवशाची असते ते डान्सबारच्या खटल्याने आपल्याला चांगलं शिकवलं होतं. ते शिकायचं आपण टाळलं हा भाग वेगळा. २००५ मध्ये महाराष्ट्राने पोलिस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब अशी दोन कलमं घातली. पहिल्याने बारमधला नाच बंद केला. दुसऱ्याने तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना त्यातून वगळलं. म्हणजे तोच नाच साध्या बारमध्ये अश्लील आणि झुंबराखाली संस्कृती. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. अशी विभागणी समतेच्या कलमात बसत नाही, आणि बंदीने ज्या बायकांचं रक्षण करायचं त्याच बेकार होऊन आणखी वाईट जागी ढकलल्या गेल्या, असं निकालाचं सार होतं. सरकारने २०१४ मध्ये पुन्हा बंदी आणली, ती २०१५ मध्ये स्थगित झाली. २०१६ मध्ये नवा कायदा केला, त्यातल्याही बऱ्याच अटी जानेवारी २०१९ मध्ये उडाल्या. चौदा वर्षं या खटल्यात गेली. त्या काळात नाचणाऱ्या बाईला पगाराची चिठ्ठी मिळावी, मालकाने तिचे पैसे बुडवले तर दाद कुठे मागायची ते ठरावं, यावर सभागृहात किती वेळ खर्ची पडला असेल, हे ज्याचं त्याने समजून घ्यावं.

मराठवाड्यात हा प्रश्न कला केंद्रांच्या रूपाने समोर येतो. धाराशिव, बीड या पट्ट्यात रस्त्याकडेला लोकनाट्य कला केंद्रं आहेत. नाव लोकनाट्याचं, आणि आत ढोलकी-पेटी बाजूला पडून साउंड सिस्टीमवर नाच, अशी तक्रार वर्षानुवर्षं आहे आणि ती खोटी नाही. कधी गोळीबार होतो, कधी कुणी जमीन विकून तिथे पैसे उधळतो आणि घर उघड्यावर पडतं. मग वर्तमानपत्रांत आठवडाभर मथळे, मोर्चे, परवाने रद्द करण्याचे आदेश. काही महिन्यांनी पुन्हा दिवे लागतात. या सगळ्या गदारोळात परवाना कुणाच्या नावावर आहे, कमाईतला वाटा नाचणारीला किती, ती उचल घेऊन तिथे अडकली आहे का, तिच्या लेकरांची शाळा कुठे, हे प्रश्न परवाना देणाऱ्या टेबलावर यायला हवेत. कोल्हाटी समाजातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कला सांभाळली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिची किंमतही मोजली. त्यांच्या नावाने गळा काढणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मजुरीचा करार परवान्याला जोडा म्हणणारे सापडत नाहीत. आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत हीच लावणी जिल्हा परिषदेच्या मांडवात झाली की ती लोककला असते, पुढाऱ्यांच्या हस्ते सत्कार होतो. मला त्या महोत्सवाचा आनंदच आहे. पण मांडव सरकारी असल्याने कला सोवळी होते आणि खासगी असल्याने ओवळी, हे गणित मला कधी सुटलेलं नाही.

आता थोडं शंकरपटाबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. त्या अटी वाचण्यासारख्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, चाबूक-काठी-विजेचा झटका बंद, सगळ्याचं चित्रीकरण. अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय, पटाच्या कडेला पैजा लागतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण कायद्याची रीत पाहा. बैल पळणं सभ्य की असभ्य यात तो पडला नाही. बैलाला नेमकं काय होतं ते त्याने विचारलं आणि तेवढंच रोखलं. करमणुकीच्या एका प्रकारात तरी आपल्याकडे इजा पाहून नियम झाले, आणि तो मान बैलाला मिळाला. माणसाचा नंबर अजून लागायचा आहे.

माणसाला सगळ्यात मोठी इजा गेल्या दहा वर्षांत कुठल्या करमणुकीने केली असेल तर ती पैशांच्या ऑनलाइन खेळांनी. त्यामागची कायद्याची गोष्ट मराठवाड्याने समजून घ्यावी अशी आहे, कारण ती निजामाच्याच कायद्यापासून सुरू होते. सिकंदराबादच्या एका क्लबवर हैदराबाद संस्थानाच्या फसली सन १३०५ च्या (इसवी १८९५-९६ च्या सुमाराच्या) जुगार कायद्याखाली खटला झाला. निजामाच्या काळात हाच कायदा मराठवाड्यालाही लागू होता. तो खटला १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालय म्हणालं, रमी हा तीन पत्त्यांसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही, पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, पानं धरणं-टाकणं यात कसब आहे. पुढे हाच निकाल दाखवून ऑनलाइन रमीच्या कंपन्यांनी न्यायालयांत आपला धंदा वाचवला. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की क्लबचा किंवा जागेचा मालक त्या डावातून नफा काढत असेल तर गुन्हा लागू शकतो. मोबाइलवरची कंपनी प्रत्येक डावात आपला वाटा कापून घेत होती. पारावर चार म्हातारे चिंचोके लावून खेळतात ती रमी आणि ही रमी यांत नेमका तोच फरक होता, आणि निकालातली ती ओळ या धंद्याच्या वकिलांनी कधी मोठ्याने वाचली नाही.

राज्यांनी आपापल्या परीने धडपड केली. तेलंगणाने २०१७ मध्ये पैशांची ऑनलाइन रमी बंद केली. महाराष्ट्राने नाही. आपल्याकडचा मूळ जुगारबंदी कायदा १८८७ चा, त्याला मोबाइल कुठून माहीत असणार! परिणाम असा की नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गंमतच झाली. देगलूरला चालणारा डाव मदनूरला बंद. लेकराच्या अक्षराभ्यासाला बासरला गेलेल्या धर्माबादच्या माणसाचा मोबाइल तिथे रमी उघडू देत नव्हता, आणि सीमा ओलांडून माघारी आला की पुन्हा डाव सुरू. दोन्हीकडची जमीन तीच, माणसं तीच, नातीगोती तीच. धोका ओळखायला तेलंगणाला आपल्यापेक्षा आठ वर्षं कमी लागली, एवढाच फरक.

केंद्राने काय केलं? ऑक्टोबर २०२३ पासून या खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला. म्हणजे खेळणाऱ्याने हजार टाकले की सरकारचा हिस्सा आधी बाजूला. दारूच्या बाबतीत जे होतं तेच इथे झालं. एकदा महसुलाची चव लागली की धोक्याची फाइल खाली जाते. नटांच्या, क्रिकेटपटूंच्या जाहिराती दिवसरात्र सुरू होत्या. शेवटी 'यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा' हे वाक्य लिलावात बोली पुकारतात त्या वेगाने म्हटलं जायचं. वैधानिक इशारा असा म्हणायचा की तो कळू नये, हीसुद्धा एक कलाच.

मग ऑगस्ट २०२५. सरकारने स्वतःच अंदाज सांगितला की सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला २० हजार कोटी रुपयांच्या घरात गमावतात. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैशांचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे बरं केलं. त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहात मोबाइलवर पत्त्यांचा डाव उघडा असल्याचा व्हिडिओ फिरला होता. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो असं त्यांचं म्हणणं. लातुरात त्यावरून त्यांच्या पक्षाच्या पत्रकार परिषदेत पत्ते उधळले गेले आणि उधळणाऱ्यांना मारहाण झाली. शेवटी त्यांचं कृषी खातं काढून त्यांना क्रीडा दिलं. यावर वेगळी टीका करायची गरज नाही.

ही बंदी मला मान्य आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा मला कळतो, प्रौढ माणसाने आपल्या पैशाचं काय करावं हे सरकारने सांगू नये हेही कळतं. पण एक साधी कसोटी लावून पाहा: या करमणुकीत माणूस जास्तीत जास्त किती हरू शकतो? तमाशात तो तिकिटाचे पैसे आणि एका रात्रीची झोप हरतो. सिनेमात तीन तास आणि पॉपकॉर्नचे अवाच्या सवा पैसे. मोबाइलवरच्या रमीत तो शेत हरू शकतो, आणि घरातल्या कुणालाही पत्ता न लागता, बायको शेजारी झोपलेली असताना हरू शकतो. ज्या धंद्याचा नफा थोड्या माणसांच्या अमर्याद हरण्यावर उभा आहे, त्याला स्वातंत्र्याची ढाल देता येणार नाही. माझी तक्रार बंदीबद्दल नाही, तिच्या आधीच्या मोकळ्या वर्षांबद्दल आहे. त्या वर्षांत हरण्याला दिवसाची मर्यादा घालता आली असती, रात्रीचे तास बंद करता आले असते, कुटुंबाने तक्रार केली तर खातं गोठवता आलं असतं. यातलं काहीही न करता दोनच टोकं वापरली गेली. आधी मुभा, मग बंदी.

आणि बंदीवर विसंबून बसायचं तर मटक्याकडे पाहावं. १८८७ चा कायदा आहेच. साठच्या दशकात मुंबईत मटका सुरू झाला आणि आज मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या बसस्थानकामागे ओपन-क्लोजचा आकडा काय लागला हे चहावाला सांगतो. अधूनमधून धाड पडते, पंच येतात, चारदोन हजारांचा मुद्देमाल जप्त झाल्याची बातमी येते. ऑनलाइन रमीचंही असंच होईल. परदेशातली संकेतस्थळं, टेलिग्रामवरचे गट, कुणाच्या तरी बचत खात्यावरून फिरणारे पैसे. ते रोखायला सायबर पोलिस ठाणं सक्षम लागतं आणि बँकांना खडसवावं लागतं. बाकी राज्य स्वतः १९६९ पासून लॉटरी चालवतं, आणि १९७६ चा कॅसिनो कायदा अंमलात न आणता आणि रद्दही न करता २०२३ पर्यंत कपाटात ठेवून होतं, त्यामुळे जुगाराबद्दल सरकारच्या तोंडची नीतीची भाषा ऐकताना जरा कानावर हात ठेवलेला बरा.

हरण्याची कसोटी खेळणाऱ्यापुरती ठेवूनही भागत नाही. कधी कधी करमणूक एकाची असते आणि किंमत दुसरा मोजतो. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली जलदूत लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरणाचा तळ दिसत होता. लातूरकरांनी त्या रेल्वेचं स्वागत केलं, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या, मैदानांवर पाणी ओतण्याची ही वेळ नाही. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला लावली. बिअरचे हे कारखाने आपल्याच औद्योगिक वसाहतींत, पाणी आपल्याच जायकवाडीचं.

तेव्हा पुष्कळ जण म्हणाले की क्रिकेटच्या मैदानाला लागणारं पाणी लातूरला थोडंच जाणार होतं, हा नुसता देखावा. हिशेबाने ते बरोबर आहे. वानखेडेच्या खेळपट्टीवरचं पाणी वाचवून औशाचा हंडा भरत नाही. पण बिअरच्या कारखान्याचं तसं नव्हतं, ते पाणी खरोखर मराठवाड्याच्याच जायकवाडी धरणातलं होतं. दोन्ही वेळा निर्णय न्यायालयाला घ्यावा लागला, ही खरी खटकणारी गोष्ट. टंचाई जाहीर होते त्या दिवशीच वॉटर पार्क, रेन डान्स, जलतरण तलाव, मद्यनिर्मिती यांचं पाणी किती टक्क्यांनी आपोआप कमी होईल, हे परवान्यातच लिहिलेलं का नसावं? मालकालाही आधीच कळेल, कामगारांचं नियोजन करता येईल, याचिका लागणार नाही. मराठवाड्यात दुष्काळ हा काही पाहुणा नाही की तो आल्यावर सतरंजी शोधायची.

जिवाच्या सुरक्षेबद्दल तर फार बोलायचीही गरज पडू नये. राजकोटच्या गेम झोनला २५ मे २०२४ रोजी आग लागली, सत्तावीस जण गेले, त्यात लेकरं होती. त्या जागेकडे अग्निशमन विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र नव्हतं. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात एकोणसाठ गेले होते, २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिलमध्ये चौदा. दर वेळी नंतर राज्याराज्यांत तपासणीच्या मोहिमा, दहा-पंधरा दिवस सील, मग शांतता. आपल्याकडे यात्रांतले आकाशपाळणे एका गावाहून दुसऱ्या गावी ट्रकमधून जातात, रातोरात उभे राहतात, नटबोल्ट तेच, वेल्डिंग कुणी केलं ते कुणाला ठाऊक नाही. पाळण्याच्या तपासणीचा कागद असतोही, पण तो कमिटीच्या फायलीत. तो तिकिटाच्या खिडकीवर, वाचता येईल अशा मराठीत, तारखेसह लावायला सांगा. आई लेकराला पाळण्यात बसवण्याआधी पाहील. तपासणाऱ्या अभियंत्याचं नाव खाली असेल, तर तोही सही करण्याआधी एकदा वर चढून पाहील.

हे सगळं ऐकून काही मित्र म्हणतात, तुम्ही अश्लीलतेचा मुद्दाच सोडून दिला. सोडलेला नाही. लहान लेकरांपुढे काय चालावं, बाईच्या मर्जीविरुद्ध तिला काय करायला लावलं जातं, गर्दीतल्या पोरींची छेड कोण काढतं, हे सगळे इजेचेच प्रश्न आहेत आणि त्यांना कडक कायदा पाहिजे. यात न बसणारी जी उरते ती आवडनिवड. मला स्वतःला आजकालची काही गाणी आणि त्यावरचे हावभाव बघवत नाहीत. मी उठून घरी जातो. माझ्या न आवडण्याला पोलिस बंदोबस्त द्यावा अशी माझी अपेक्षा नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. इजा पाहून नियम करायचे म्हणजे तपासणारी माणसं लागतात, आणि ती आहेत कुठे? तालुक्याला करमणुकीच्या जागा तपासायला वेगळा माणूस नाही. असेल त्या तलाठ्याकडे, ग्रामसेवकाकडे, हवालदाराकडे हे अर्धवट काम येतं आणि तो ते कागदावर उरकतो. नियम वाढवले की हप्ते वाढतात, ही भीती खोटी नाही. म्हणूनच मी म्हणतो की कागदांची संख्या कमी करा आणि जे उरतील ते उघड्यावर आणा. फडाच्या पाच परवानग्यांची एक करा, एका खिडकीत, ठरावीक दिवसांत. पाळण्याचं, आगीचं आणि पाण्याचं प्रमाणपत्र मात्र सोडू नका. ज्याच्या धंद्यात इजेची ताकद मोठी त्याच्यावर भार मोठा. पन्नास कलावंतांचा फड आणि कोट्यवधींची गुंतवणूक असलेली कंपनी यांना एकाच संशयाने पाहायचं, आणि त्यातही फडाला आधी अडवायचं, हे थांबवता येतं.

याची सुरुवात करायला मंत्रालयात फाइल पाठवावी लागेल असंही नाही. माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला भरते. घोडे, गाढवं, कुस्त्या, फड, पाळणे, सगळं एका माळावर. आयोजनात जिल्हा परिषद स्वतः असते. तिथे प्रत्येक पाळण्यावर तपासणीचा कागद, प्रत्येक रंगमंचावर नाचणाऱ्या बायकांच्या मानधनाची लेखी नोंद आणि पैसे थेट त्यांच्या खात्यावर, एवढं परिषद आपल्या अखत्यारीत करू शकते. फडांच्या रात्रीचा प्रश्न पंधरा दिवसांच्या यादीसाठी जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडायचा आहे, तोही वेळेत, कारण ती यादी वर्षाच्या सुरुवातीला ठरते. यात्रेच्या नियोजनाची बैठक लागते तेव्हा विषयपत्रिकेत पहिला विषय बंदोबस्ताचा असतो. हे तीन विषय त्याच्या वर टाका.